उगारलेला हात

तीन वर्षांच्या मुलाला अहिंसा म्हणजे काय ते सांगून कळत नाही. सांगायला जाऊही नये. मात्र मारायचं कसं, हे त्या वयापर्यंत ते पुरतं शिकलेलं असतं. कुणाला मारलेलं चालतं, कुणाला चालत नाही, मारताना तोंडाने काय म्हणायचं, समोरचा रडायला लागला की "गप्प बस, नाहीतर अजून देईन" हे कोणत्या आवाजात म्हणायचं, सगळं त्याला येत असतं. बालवाडीत भातुकली मांडून द्यावी आणि जरा लांब बसून बघावं. थोड्याच वेळात एखादी चिमुरडी आई होते, बाहुलीला मांडीवर घेते, घास भरवते आणि बाहुली खात नाही म्हणून तिच्या पाठीत धपाटा घालते. तो धपाटा तिला कुणी मुद्दाम शिकवलेला नसतो. ज्या हातांनी तिला न्हाऊ घातलं, भरवलं, त्याच हातांकडून तो आलेला असतो.

म्हणून लहान मुलांना अहिंसा शिकवण्याच्या सामुदायिक प्रयत्नांबद्दल लिहायला बसलं की पहिल्याच पानावर विषय मोठ्यांकडे वळतो. मुलांसाठी गाणी, गोष्टी, चित्रं, प्रतिज्ञा यांची आपल्याकडे वाण नाही. दोन ऑक्टोबरला गांधीजींचा चष्मा लावून, काठी हातात घेऊन उभी राहिलेली मुलं गावोगाव दिसतात. त्यातलंच एखादं मूल दुपारी घरी जाऊन पाय आपटतं म्हणून मार खातं आणि सकाळचा सगळा कार्यक्रम तिथेच पुसला जातो. या वयात मूल ऐकलेलं विसरतं आणि अंगाला लागलेलं लक्षात ठेवतं. अहिंसा त्याला अनुभवायला मिळायची असेल तर आधी घरातल्या, वस्तीतल्या, बालवाडीतल्या मोठ्या माणसांना आपले हात आवरायला शिकावं लागतं. एकट्यादुकट्या आईला ते जमत नाही, वस्तीने मिळून करावं लागतं. मला या प्रस्तावनेत एवढंच म्हणायचं आहे, आणि ते आपल्याच मातीत कुणी करून दाखवलं, ते सांगायचं आहे.

गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी २८ ऑक्टोबर १९३१ रोजी मारिया माँटेसरी यांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात गेले होते. तिथे त्यांनी मुलांचा शांततेचा खेळ पाहिला. या खेळात मुलं अगदी स्तब्ध बसतात. बाई लांबून, कुजबुजत्या आवाजात एकेकाचं नाव घेतात आणि ज्याचं नाव येईल ते मूल पावलाचा आवाज न करता त्यांच्यापर्यंत जातं. गप्प राहण्याचा हुकूम कुणी सोडलेला नसतो. आपलं नाव ऐकू यावं म्हणून मूल आपणहून गप्प होतं. जगात खरी शांतता हवी असेल तर सुरुवात मुलांपासून करावी लागेल, अशा आशयाचं गांधीजींचं जे म्हणणं सगळीकडे सांगितलं जातं, ते त्या भेटीतल्या भाषणातलं. त्याच भाषणातला दुसरा भाग मला त्याहून मोलाचा वाटतो. लंडनच्या त्या नीटनेटक्या मुलांकडे बघताना त्यांना हिंदुस्थानातल्या खेड्यांतली अर्धपोटी मुलं आठवली. हे शिक्षण त्या मुलांपर्यंत नेता येईल का, हा प्रश्न त्यांनी तिथेच उपस्थित केला.

माँटेसरीबाईंनाही पुढच्या काळाने स्वस्थ बसू दिलं नाही. मुसोलिनीच्या राजवटीशी बिनसलं आणि १९३४ मध्ये इटलीतल्या त्यांच्या शाळा बंद झाल्या. १९३७ मध्ये कोपनहेगनला त्यांनी शांतता आणि शिक्षण या विषयावर व्याख्यानं दिली. १९३९ मध्ये त्या मद्रासला आल्या आणि महायुद्ध पेटल्यामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. मोठा माणूस मुलाशी ज्या रीतीने वागतो त्यातच पुढच्या युद्धाची बीजं असतात, हे त्या वारंवार सांगत होत्या. बलवान आणि दुबळा यांच्यातलं पहिलं भांडण घरात होतं आणि त्यात मूल दर वेळी हरतं. हरलेलं मूल मोठं झालं की जिंकायला बघतं.

गांधीजींच्या प्रश्नाचं उत्तर मराठी मुलखात शोधलं ते ताराबाई मोडक यांनी. ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं. गिजुभाई वकिली सोडून मुलांकडे वळलेले. १९२० मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर काढलं. त्या बालमंदिरात शिक्षेला जागा नव्हती आणि बक्षिसालाही नव्हती. शिक्षा नको हे आता निदान तोंडाने तरी सगळे मान्य करतात. बक्षीस का नको, हे पालकांना पटवताना आजही दमछाक होते. गिजुभाईंचं म्हणणं असं की दोन्हींत मुलाच्या वागण्याची दोरी दुसऱ्याच्या हातात राहते. चॉकलेटसाठी खेळणं वाटून घेणारं मूल चॉकलेट संपल्यावर ते हिसकावूनही घेईल. वाटून घेण्यातली मजा त्याला कळावी, यासाठी मध्ये कुणी लाच घेऊन उभं राहता कामा नये.

१९२६ मध्ये या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ मध्ये ताराबाई शहर सोडून ठाणे जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्याच्या, किनाऱ्यावरच्या बोर्डीला गेल्या. मोरगावला जन्मलेल्या, बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांमध्ये गेलं आणि ताराबाईंनंतरही अनुताई १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत त्यात राहिल्या.

ताराबाई बोर्डीत गेल्या ते साल नीट लक्षात घेतलं पाहिजे. त्याच १९४५ मध्ये, त्याच भागात वारली वेठीविरुद्ध उभे राहिले होते. मे महिन्यात झरी गावी किसान सभेची परिषद झाली आणि फुकट राबणार नाही असा निर्धार झाला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनाही सावकाराच्या दारात आयुष्यभर राबवणारी 'लग्नगडी'ची पद्धत तिथे चालू होती. ऑक्टोबरात तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला, माणसं मेली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये या सगळ्याचं वर्णन केलं आहे, आणि त्यातला छळ वाचताना आजही अंगावर काटा येतो. ज्या पाड्यांवर बापाला जमीनदाराच्या माणसाचा मार निमूट सोसावा लागतो, तिथल्या चार वर्षांच्या मुलाला अहिंसा शिकवायची म्हणजे काय करायचं?

हा प्रश्न टाळून या विषयावर काहीही लिहिलं तर ते पोकळ होईल. कारण दुबळ्याच्या मुलाला "मारू नये, भांडू नये, उलट बोलू नये" एवढंच शिकवलं तर आपण त्याला सोसायला शिकवलेलं असतं, आणि सोसणं त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलंच असतं. भ्यालेलं मूल आणि अहिंसक मूल वर्गात एकसारखंच गप्प बसलेलं दिसतं. बाहेरून आलेल्या पाहुण्याला दोन्ही वर्ग शिस्तीचेच वाटतात. फरक कळतो तो बाई पाच मिनिटं वर्गाबाहेर गेल्यावर.

ताराबाई आणि अनुताईंनी सुरुवात कुठून केली ते बघण्यासारखं आहे. त्यांनी मुलांना न्हाऊ घातलं, केस विंचरले, नखं कापली. ज्या मुलांना शिवायला गावातली माणसं कचरत, त्यांच्या डोक्यावरून बाईंचा हात फिरला. मोठ्या माणसाचा हात आपल्याकडे येतो आहे आणि तरी अंग चोरायचं कारण नाही, हे त्या मुलाला कुठल्याही धड्याशिवाय कळलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. थोडी मोठी मुलं गुरांमागे रानात जायची म्हणून शाळा कुरणात भरली, तिला कुरणशाळा म्हणत. माँटेसरीचं महागडं साहित्य परवडण्यातलं नव्हतं. मग शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या हेच साहित्य झालं. ज्या वस्तू पायदळी जात होत्या त्यांनाच शाळेत मान मिळाला. तुझं घर, तुझं रान, तुझं काम कमी प्रतीचं आहे म्हणून आधी ते सोड आणि मग शिकायला ये, असं त्या मुलाला कुणी सुचवलं नाही. मुलाला हिणवणं ही सुद्धा मारहाणच आहे, आणि शिकलेल्या माणसांच्या हातून ती जास्त होते. कोसबाडला ती टाळली गेली म्हणूनच मला ते काम अहिंसेच्या शिक्षणाचा सगळ्यात भक्कम मराठी दाखला वाटतो. त्या दोघींनी तसं नाव त्याला दिलं असो वा नसो.

आता प्रत्यक्ष वर्गात. माँटेसरीच्या खोलीत प्रत्येक साहित्य एकेकच ठेवायचं असा दंडक आहे. ठोकळ्यांचा मनोरा दुसऱ्याच्या हातात असेल तर त्याचं होईपर्यंत थांबायचं. पुष्कळ पालकांना, आणि देणगीदारांना तर हमखास, हा कंजूषपणा वाटतो. वीस मुलं आहेत तर वीस मनोरे द्या ना! पण वाट बघणं, दुसऱ्याच्या हातातलं काम त्याचं आहे हे मानणं, हे त्या एकेकट्या वस्तूमुळेच घडतं. भरपूर खेळण्यांच्या खोलीत भांडणं कमी होतात आणि भांडण मिटवायला शिकण्याची संधीही जाते.

भांडणं होणारच. पाड्यावरच्या एखाद्या अंगणवाडीत ती कशी होतात ते असं. एक छोटा ढोल आहे. एका पोराने तो गळ्यात अडकवला आहे, दुसऱ्याने दोरी धरून ओढला, पहिल्याने त्याच्या दंडाला चावा घेतला. बहुतेक ठिकाणी पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कुणी सुरू केलं?" की लगेच खटला सुरू. मुलं दोन मिनिटांत साक्षी द्यायला, नावं घ्यायला आणि खोटं बोलायला शिकतात. मग "सॉरी म्हण" होतं. जो म्हणतो त्याला ते मनापासून म्हणायचं नसतं आणि ऐकणाऱ्याचा दंड तसाच दुखत राहतो.

जाणती ताई आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जाते. खाली बसते, तिचे डोळे मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला येतात. दंड बघते. चावणाऱ्याला ओरडत नाही, "ओलं फडकं आण बरं" म्हणते. तो आणतो. दाताचे वळ त्याला जवळून दिसतात. मग ढोलाचं.

"तुला वाजवायचा होता."

"हां."

"आणि तुझ्या गळ्यातला ओढला म्हणून तुला राग आला."

"माझा होता ना!"

"राग येतो. चावलं की लागतं. ढोल तर एकच आहे. आता कसं करायचं?"

इथे गप्प राहायचं, आणि तेच सगळ्यात अवघड जातं. मोठ्या माणसाच्या जिभेवर तोडगा तयार असतो, "आधी तू, मग तो." तो गिळून टाकावा लागतो. बराच वेळ कुणी बोलत नाही. मग ज्याला चावलं होतं तोच म्हणतो, "त्यानं वाजवावा, मी नाचतो." ताईच्या डोक्यात हा तोडगा कधीच आला नसता. थोड्या वेळाने दोघंही ढोल टाकून बाहेर पळालेले असतात, आणि उद्या पुन्हा भांडणार असतात. पण आपल्या भांडणाचा निकाल आपल्याला लावता येतो, हे त्यांच्या पदरात पडलेलं असतं. राग येण्यात पाप नाही हेही. रागाला नावच देऊ न दिलेलं मूल पुढे दातांनी आणि मुठींनीच बोलतं.

जाता जाता एक सांगते. जत्रेतल्या खेळण्यातल्या बंदुका आणि दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलांवर बंदी घालावी का, यावर पालकसभांमध्ये तासन्‌तास खल होतो. माझ्या मते त्यात फार वेळ घालवू नये. ज्या मुलाला घरात मार बसत नाही ते काडीची बंदूक करून ठो-ठो करतं आणि विसरतं. मोबाईलवर खऱ्या मारहाणीची चित्रफीत घरातले मोठे हसत हसत बघत असतात आणि मूल मांडीवर बसलेलं असतं, त्याची मात्र मला खरी धास्ती वाटते.

गोष्टींचा वारसा आपल्याकडे मोठा आहे. पैठणच्या तापलेल्या वाळवंटात पाय भाजून रडणाऱ्या अस्पृश्य मुलाला एकनाथांनी उचलून कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी पोचवलं, ही गोष्ट चार वर्षांच्या मुलाला लगेच कळते, कारण पाय भाजण्याचा अनुभव त्याच्याकडे असतो. कडेवर घेतलं जाण्याचाही असतो. साने गुरुजींचं मोठेपण 'श्यामची आई'च्या पानांत आहे, तसंच अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडण्यातही आहे. त्यांच्या नावाने प्रकाशभाई मोहाडीकरांनी सुरू केलेल्या कथामालेने महाराष्ट्रभर गोष्टी सांगणारी माणसं तयार केली. गोष्टीला शेवटी तात्पर्य जोडण्याची खोड मात्र सोडायला हवी. एकनाथांनी मुलाला कडेवर घेतलं, इथे थांबावं. मुलं पुढे काय विचारतात ते ऐकावं. "त्याची आई कुठं होती?" असा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नातून जे बोलणं निघतं ते कुठल्याही तात्पर्याहून खोल जातं.

आता घराकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी केली. पण हा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. ज्या वयात मार सगळ्यात खोल रुजतो ते तीन ते सहाचं वय त्याच्या बाहेर राहिलं, आणि घरातल्या मारावर तर आपल्याकडे स्पष्ट बंदी नाहीच. स्वीडनने १९७९ मध्ये घरातल्या मारालाही कायद्याने मनाई केली, असं करणारा तो जगातला पहिला देश. त्या देशाने नुसता कायदा करून हात झटकले नाहीत. लहान मुलं असलेल्या घरोघरी पत्रकं पोचवली आणि दुधाच्या खोक्यांवरही ही माहिती छापली, म्हणजे सकाळी न्याहारीला बसलेल्या आईबापांच्या आणि मुलांच्याही समोर ती आली. शिक्षा करण्यापेक्षा समजूत बदलण्यावर भर होता. आपल्याकडे घरोघरी दुधाची खोकी येत नसली तरी रेशनचं दुकान आहे, बचतगटाची बैठक आहे, लसीकरणाचा दिवस आहे, हरिनाम सप्ताह आहे. जिथे माणसं जमतात तिथे हा विषय निघायला काय हरकत आहे?

घरात मारणाऱ्या आईला दोष देणं सोपं आहे आणि ते मी करणार नाही. पहाटे उठून पाणी भरणारी, दिवसभर दुसऱ्याच्या शेतात वाकणारी, संध्याकाळी नवऱ्याचं बोलणं किंवा मार खाणारी बाई मुलाच्या किरकिरीने हात उचलते तेव्हा तो मार वरून खाली घरंगळत आलेला असतो. मालकाकडून बापाकडे, बापाकडून आईकडे, आईकडून थोरल्याकडे, थोरल्याकडून धाकट्याकडे, धाकट्याकडून कुत्र्याच्या पिल्लाकडे. ही उतरण कुठेतरी तोडायची तर आईच्या हातातलं ओझं कुणीतरी उचललं पाहिजे. शेजारीण घटकाभर मूल सांभाळते, आजी त्याला ओट्यावर घेऊन बसते, बाप त्याला न्हाऊ घालतो. हे मी अहिंसेच्या शिक्षणात धरते.

आणि शेवटी ताई. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला, गांधी जयंतीच्या दिवशी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळालं. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. एवढं मोठं जाळं हाताशी असताना वेगळी संस्था काढायची गरज नाही. पण त्या जाळ्यातल्या बाईकडे जरा बघा. तिला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. पोषण आहार, वजनं, गृहभेटी, नोंदी, मोबाईलवर माहिती भरणं, कुठलंही सर्वेक्षण आलं की ते, या सगळ्यातून उरलेल्या वेळात तिने ढोलासाठी भांडणाऱ्या दोन पोरांसमोर शांतपणे गप्प बसायचं. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा चर्चा बंद केंद्रांची फार झाली, त्यांच्या कामाच्या ओझ्याची कमी झाली. ज्या बाईशी वरचे अधिकारी दरडावून बोलतात तिच्याकडून मुलांशी मऊ बोलण्याची अपेक्षा करायची, यात अन्याय आहे. पर्यवेक्षिकेने सेविकेच्या चुकीवर चारचौघांत न ओरडणं, ही या शिक्षणाची पहिली पायरी मी मानते.

पुढच्या पानांत अशा ताईंनी आणि पालकांनी सांगितलेले अनुभव आहेत. हात आवरला गेल्याचे आहेत, तसेच तो उगारला गेल्याचेही आहेत आणि ते गाळलेले नाहीत. पुस्तक एकट्याने वाचायलाही हरकत नाही, पण माझी विनंती आहे की ते पालकसभेत मोठ्याने वाचावं. एका बैठकीत एकच अनुभव घ्यावा. सभा रात्री, जेवणं उरकल्यावर ठेवावी, म्हणजे मजुरीवरून परतलेले बापही येऊ शकतील. वाचून झाल्यावर आधी त्यांना बोलतं करावं.